घरचा बीपी मोबाइलमध्ये नोंदवायचा, तर तो डॉक्टरांच्या कामाचा कसा होईल?

उच्च रक्तदाबाचा रुग्ण मोबाइलमध्ये पन्नास रीडिंग घेऊन येतो आणि डॉक्टरांना त्यातल्या एकावरही विसंबता येत नाही, असं सर्रास होतं. चूक ॲपची क्वचितच असते. दंडाला बांधायचा पट्टा लहान असतो, हात खाली लोंबकळत असतो, नाहीतर यंत्राचं घड्याळ चुकलेलं असतं. मिळेल तो आकडा ॲप निमूटपणे साठवतं. म्हणून सुरुवात ॲपपासून नको, दंडापासून करा.

१. दंड मोजा, मग यंत्र घ्या

खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिवणकामाची टेप गुंडाळून दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेरासाठी असतो. त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. नेमका आकडा पट्ट्यावरच छापलेला असतो. पट्टा लहान पडला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, फार मोठा असेल तर कमी. लहान पट्ट्यामुळे विनाकारण गोळी वाढू शकते.

यंत्र दंडावर बांधायचंच घ्या. मनगटाच्या यंत्रात हात जरा वरखाली झाला तरी आकडा बदलतो. मॉडेलची अचूकता तपासलेली आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय यादीत पाहता येतं. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपच्या भरवशावर औषधाचा निर्णय नको. फुगणाऱ्या पट्ट्याशिवाय बीपी सांगणाऱ्या घड्याळांचंही सध्या तेच.

२. यंत्र फोनला जोडताना

आधी यंत्रातली तारीख आणि वेळ लावा. सेल बदलल्यावर अनेक यंत्रांची तारीख मागे जाते, मग सकाळचं रीडिंग रात्रीचं म्हणून नोंदलं जातं. कंपनीचं ॲप उघडून जोडणी त्या ॲपमधूनच करा. फोनच्या ब्लूटूथ यादीतून थेट जोडलेलं यंत्र ॲपला बऱ्याचदा सापडत नाही. जुन्या अँड्रॉइड फोनवर यंत्र शोधताना लोकेशनची परवानगी द्यावी लागते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला मागे झोपवतो, त्यामुळे मोजून झाल्यावर ॲप स्वतः उघडायची सवय लावा.

घरात दोघं जण एकच यंत्र वापरत असतील तर ‘युजर १’ आणि ‘युजर २’ ठरवून टाका. नवऱ्याचा बीपी बायकोच्या नोंदीत गेला, तर नंतर निवडून काढणं जवळजवळ अशक्य. पाहुण्याला हौस असेल तर त्याचं रीडिंग लगेच पुसा.

ब्लूटूथ नसलेलं यंत्रही चालतं. आकडे हाताने भरा, पण जसेच्या तसे. १३७ चे १४० करू नका.

३. मोजणं

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. टेकून बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या साधारण दोन बोटं वर. बाही वर गुंडाळून दंड आवळला जात असेल तर ती काढा. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा छातीच्या मध्यभागाच्या पातळीला येईल. हात हृदयापेक्षा १० सेंमी खाली राहिला तर बीपी सुमारे ७ ते ८ अंकांनी जास्त दिसतो.

आता ५ मिनिटं शांत बसा. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचा बीपी पाहा. वरच्या आकड्यात वारंवार १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर ज्या हाताचा जास्त, तोच हात पुढे कायम ठेवा आणि डॉक्टरांनाही सांगा.

४. सात दिवसांचा क्रम

रिमाइंडर दोनच लावा. सकाळचा गोळीच्या आणि नाश्त्याच्या आधी, संध्याकाळचा रोज ठरावीक वेळी. प्रत्येक वेळी दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट. सात दिवसांत २८ होतात. पहिल्या दिवशी आकडे बहुधा चढे येतात, म्हणून त्या दिवसाचे ४ सोडून उरलेल्या २४ ची सरासरी काढा. काही हुकले तरी किमान १२ हवेतच. वरच्या आणि खालच्या आकड्याची सरासरी वेगवेगळी काढा.

घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा जास्त असली तर ती चढी धरतात. दवाखान्यात हीच सीमा १४०/९० असते. तुमचं स्वतःचं लक्ष्य मात्र डॉक्टरच ठरवतील. सरासरी बघून गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

अनियमित ठोक्यांचं चिन्ह वारंवार दिसत असेल तर ते टिपून कळवा. अशा वेळी एका मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही, दोनऐवजी तीन रीडिंग घ्या.

५. पाठवणं

स्क्रीनशॉटांची माळ पाठवू नका. ॲपमधून पीडीएफ काढा आणि वर चार ओळी लिहा: सकाळची सरासरी, संध्याकाळची सरासरी, घेतलेली औषधं, चुकलेले डोस. चक्कर आली असेल तर कोणत्या वेळी, तेही. सकाळ-संध्याकाळ वेगळी लिहिली की गोळीचा असर पुढच्या डोसपर्यंत टिकतो का, याचा अंदाज डॉक्टरांना येतो.

रिपोर्ट फोनबाहेरही एकदा साठवा. यंत्राची मेमरी भरली की जुनी रीडिंग आपोआप पुसली जातात.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर ५ मिनिटं थांबून पुन्हा मोजा. तरीही तसाच असेल तर त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखणं, धाप, अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा, बोलताना अडखळणं किंवा अचानक कमी दिसणं यातलं काहीही असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा.

पुढची सात दिवसांची फेरी तपासणीच्या आधीच्या आठवड्यात किंवा औषध बदलल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा. वर्षातून एकदा आपलं यंत्र दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहा.