पासवर्ड बरोबर, तरी ४०३: रेफरर कुठे गळाला ते असं शोधा

अमळनेरच्या एका जिनिंगला काटापावतीचं सॉफ्टवेअर मी जँगो ३.२ मध्ये (वेबसाइट बनवायची पायथनची चौकट) करून दिलंय. दिवाळीनंतर, ऐन कापसाच्या हंगामात, मुनीमआप्पांचा फोन आला. "भाऊ, लॉगिन व्हत नही! बाहेर ट्रॅक्टरस्नी लाईन लागेल शे."

स्क्रीनवर ४०३ होता, म्हणजे सर्व्हरने प्रवेश नाकारला, आणि कारण होतं, 'रेफरर चेकिंग फेल्ड, नो रेफरर'. रेफरर हा हेडर, म्हणजे ब्राउझर रिक्वेस्टसोबत पाठवतो ती छोटी माहितीची ओळ. रिक्वेस्ट कोणत्या पानावरून निघाली ते हा हेडर सांगतो. एचटीटीपीएसवर फॉर्म आला की जँगो तो तपासतो, नसेल तर दार बंद.

आधी त्याच वायफायवर मोबाईलवरून लॉगिन करा. आमचं झालं, म्हणजे राउटर सुटला. मग इनकॉग्निटोमध्ये बघा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तरीही ४०३ आला.

आता एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडली, तर हेडर समोर दिसत होता! मी इथे तासभर अडकलो. तिथे दिसतं ते ब्राउझरने पाठवलेलं. अँटिव्हायरस त्याच्या पुढे बसलेला असतो. खरं काय ते सर्व्हरच्या लॉगमध्ये बघा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या 'कंबाइन्ड' प्रकारच्या लॉगमध्ये मोबाईलच्या ओळीत पूर्ण पत्ता होता, आप्पांच्या ओळीत नुसतं "-". (लॉग फॉरमॅटमध्ये या हेडरच्या नावात मधे एकच आर असतो. १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजातली ती स्पेलिंगची चूक तशीच चालत आलीय.)

पक्कं करायला ब्राउझरमध्ये साइटचं सर्टिफिकेट उघडा. 'इश्यूड बाय'मध्ये अँटिव्हायरसचं नाव असेल, तर तो एचटीटीपीएस उघडून वाचतोय. आमच्याकडे तसंच निघालं. त्याच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये रेफरर लपवायची खूण होती, ती काढली. अशी खूण सापडली नाही तर वेब स्कॅनिंगच्या अपवादांत फक्त आपली साइट टाका.

अँटिव्हायरस काढून टाकू नका. आणि घाईत जँगोची सीएसआरएफ तपासणी (दुसऱ्या साइटवरून आपल्या नावाने खोटा फॉर्म येऊ नये म्हणून असलेली, रेफरर बघणारी हीच ती) तर मुळीच बंद करू नका. त्या फॉर्मवर शेतकऱ्याचं वजन आणि पैसे आहेत. आपल्याच साइटची रेफरर पॉलिसी (रेफरर कधी पाठवायचा ते ब्राउझरला सांगणारी सेटिंग) 'नो-रेफरर' नाही ना, तेही बघून घ्या, 'सेम-ओरिजिन' चालतं. जँगो ४.० पासून आधी ओरिजिन हेडर (फक्त साइटचा पत्ता सांगणारा) बघितला जातो, म्हणून हंगाम संपला की मी अपग्रेड करणार आहे.

तोवर ४०३ चं पान मराठीत केलंय. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये नेमकं कुठे जायचं, ते आप्पांना तिथेच दिसतं.