रस्ता गेटांनी अडतो: जमीन आणि रस्ता यांचे नियोजन करताना या चुका टाळा

नवा रुंद रस्ता सुरुवातीला सुरेख चालतो. मग कडेला पेट्रोल पंप येतो, शोरूम येते, गोदामे येतात, आणि प्रत्येकाचे गेट थेट मुख्य रस्त्यावर उघडते. वेग घटतो, अपघात वाढतात आणि रुंदीकरणाची मागणी सुरू होते. रुंदीकरणाने हे दुखणे जात नाही. एक मार्गिका वाढवली की कडेची जमीन आणखी महाग होते आणि आणखी गेटे येतात. रस्त्यावर किती गेटे असतील हे भूखंडांचा नकाशा मंजूर होतो त्या दिवशीच ठरलेले असते, म्हणून चुका शोधायला तिथूनच सुरुवात करावी.

दर्शनी जमिनीचे पट्टे पाडून विकणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही. ६०० मीटर दर्शनी बाजू असलेल्या जमिनीचे १५ मीटर रुंदीचे भूखंड पाडले, तर ४० भूखंड होतात आणि ४० गेटे. एकदा भूखंड विकले गेले की मालकाला रस्त्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क असतो. दुसरी वाट नसेल तर गेट नाकारणे रस्ते विभागाला जवळपास अशक्य होते. तेच ४० भूखंड आतल्या रस्त्याभोवती मांडले, तर मुख्य रस्त्याला दोन तोंडे पुरतात.

म्हणून ले-आउट मंजूर करतानाच तीन गोष्टी नकाशावर उतरवाव्यात: रस्त्याच्या दर्जानुसार किमान दर्शनी रुंदी, मुख्य रस्त्याच्या बाजूने ‘थेट प्रवेश नाही’ अशी रेषा, आणि आतल्या रस्त्यावरच गेट उघडण्याची अट. अट फक्त मंजुरीच्या पत्रात राहिली तर पुढच्या खरेदीदाराला ती कळतच नाही, ती खरेदीखतात यायला हवी. भूखंड आधीच पडले असतील तर शेजारच्या दोघांच्या सामाईक हद्दीवर एकच गेट घ्यावे. ४० ची २० झाली तरी फरक मोठा पडतो.

आतले रस्ते हद्दीवर तोडणे

एका दुकानातून शेजारच्या दुकानात जायला गाडी मुख्य रस्त्यावर आणावी लागत असेल, तर मधली भिंत ही रस्त्याचीच समस्या आहे. आतला रस्ता हद्दीपर्यंत बांधून ठेवावा आणि शेजारची जमीन विकसित होईल तेव्हा तो जोडावा. इथे दोन जागी घात होतो. एक म्हणजे पातळी: दोन्ही बाजूंच्या भरावात मीटरभर फरक पडला की नकाशावरची जोडणी नकाशावरच राहते. दुसरी म्हणजे कागद: परस्परांच्या जागेतून ये-जा करण्याचा वहिवाटीचा हक्क दोन्ही मालकांच्या दस्तात नोंदलेला नसेल, तर पहिल्याच भांडणात साखळी लागते. देखभालीचा खर्च कोण करणार तेही त्यातच लिहावे.

चौकाला चिकटून गेट देणे

कोपऱ्याच्या जागेला भाव जास्त, म्हणून जास्त वर्दळीचे धंदे नेमके तिथेच येतात. पण चौक म्हणजे फक्त थांबरेषेपुढचा डांबराचा चौकोन नव्हे. चालकाला चौक दिसतो, तो निर्णय घेतो, वेग कमी करतो आणि रांगेत थांबतो, ते सगळे अंतर चौकाचाच भाग असते.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. निर्णयाला २.५ सेकंद धरले तर सुमारे ४२ मीटर. दर सेकंदाला वेग ताशी सुमारे ७ किमीने कमी होईल अशा सुसह्य दराने तो उतरवला तर सुमारे ७० मीटर. आठ गाड्यांची रांग, प्रत्येकी ७ मीटर, म्हणजे ५६ मीटर. बेरीज जवळजवळ १७० मीटर. या पट्ट्यातल्या गेटातून निघणारी गाडी रांगेच्या फटीतून नाक पुढे काढते आणि पलीकडच्या मार्गिकेतून वेगात येणाऱ्याला ती दिसतच नाही.

कोपऱ्यावरच्या भूखंडाला एवढे अंतर क्वचितच मिळते. तेव्हा गेट चौकापासून सर्वांत दूरच्या टोकाला न्यावे आणि जवळच्या कडेनेच आत, जवळच्या कडेनेच बाहेर एवढीच मुभा द्यावी, म्हणजे समोरून येणारी वाहतूक ओलांडून कोणी वळणार नाही. सर्व वळणे खुली असलेल्या चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. तीन रस्त्यांच्या तोंडावर अशी ९ ठिकाणे असतात, तर फक्त जवळच्या कडेने ये-जा असलेल्या गेटावर २. मात्र त्यासाठी खरा दुभाजक हवा आणि तो गेटाच्या दोन्ही बाजूंनी पुरेसा पुढे गेलेला हवा. रंगवलेल्या पट्ट्यांना कोणी जुमानत नाही.

मागेल त्याला दुभाजकात कट

वळणाऱ्या गाडीला थांबायला वेगळी मार्गिका नसेल, तर ती सर्वांत वेगवान मार्गिकेतच उभी राहते. मागून धडक बसण्याचे कारण अनेकदा इथेच सापडते. असे कट बंद करून पुढे नीट यू-टर्न द्यावा, पण मोठी वाहने तिथे वळतात का ते आधी मोजावे. मोठ्या ट्रकला वळायला सुमारे २५ मीटर व्यासाची जागा लागते. दुभाजक अरुंद असेल तर समोरच्या कडेला रस्त्याला पोट काढून ती जागा द्यावी लागते, नाहीतर ट्रक मागेपुढे करत दोन्ही मार्गिका अडवतो.

सिग्नल गेटासमोर बसवणे

दोन्ही दिशांना हिरव्या दिव्यांची साखळी हवी असेल, म्हणजे गाडीला न थांबता एकामागून एक हिरवे दिवे मिळायला हवे असतील, तर सिग्नलांमधले अंतर वेग आणि अर्धे चक्र (सिग्नलचे सर्व दिवे एकदा फिरून येण्याचा वेळ म्हणजे चक्र) यांच्या गुणाकाराइतके हवे. ताशी ५० किमी आणि ९० सेकंदांचे चक्र असेल तर १३.९ गुणिले ४५, म्हणजे सुमारे ६२५ मीटर. मधेच ३५० मीटरवर एखाद्या मोठ्या संकुलासाठी सिग्नल बसवला, तर एका दिशेची साखळी तुटतेच. सिग्नलाच्या जागा विकास आराखड्यातच ठरवाव्यात आणि संकुलांचे आतले रस्ते त्या जागांना आणून मिळवावेत. चुकीच्या जागी सिग्नल आधीच असेल, तर दुभाजकाच्या मदतीने तो एकाच दिशेची वाहतूक थांबवेल असा करता येतो. एका दिशेपुरता सिग्नल कुठेही जुळवता येतो, कारण दुसऱ्या दिशेशी त्याचे देणेघेणे उरत नाही.

गेटाच्या आत थांबायला जागा नसणे

अडथळ्याचा दांडा रस्त्याच्या कडेपासून ६ मीटरवर आणि येणारा ट्रक १२ मीटरचा. रखवालदार वहीत नंबर लिहीत असतो आणि तेवढा वेळ ६ मीटर ट्रक मुख्य रस्त्यावर लटकत असतो. दांडा, तिकीट खिडकी आणि पार्किंगचे पहिले वळण इतके आत असावे की गर्दीच्या तासातली सर्वांत लांब रांग हद्दीतच मावेल.

वापर बदलला, परवानगी जुनीच

गोदामासाठी घेतलेल्या गेटातून उद्या उपाहारगृहाची गर्दी जाते. प्रवेशाची परवानगी जागेच्या वापराशी आणि गर्दीच्या तासातल्या फेऱ्यांशी बांधलेली असावी, म्हणजे वापर बदलताना ती आपोआप पुन्हा तपासली जाते. बांधकाम परवाना एका कार्यालयात आणि गेटाची परवानगी दुसऱ्या कार्यालयात, त्यातही पहिली आधी मिळते, असा क्रम असेल तर दुसरीला फक्त शिक्का मारणे उरते. इमारतीचा नकाशा पक्का होण्याआधी दोन्ही कार्यालयांनी एकत्र बसावे.

रस्ता आधीच बिघडला असेल तर

वर्षाभराच्या अपघातांच्या जागा गेटांच्या नकाशावर मांडा. गेटाच्या अलीकडे मागून धडका बसत असतील तर वळणाऱ्या गाड्या मुख्य मार्गिकेत वेग उतरवत आहेत, तिथे वळणाची मार्गिका द्या किंवा दांडा आत सरकवा. कटासमोर कुशीत धडका बसत असतील तर कट बंद करा. सर्व्हिस रोड आडव्या रस्त्याला मुख्य चौकापासून वीस-पंचवीस मीटरवर मिळत असेल, तर चौकाची रांग त्याचे तोंड झाकते. ते तोंड रांगेच्या मागे न्या.

गेट बंद करण्याची बोलणी मात्र डांबरीकरणाच्या किंवा पदपथाच्या कामाला जोडून करावीत. तेव्हा कडेचे दगड निघालेलेच असतात, त्यामुळे दोन गेटांचे एक करायला वेगळा खर्च जवळपास येत नाही. मालकाला बदल्यात रुंद, दुरून दिसणारे, ट्रक एका दमात वळेल असे गेट देता येते.