डोंगर-नदीचा एक दिवस व्हॅनमधून: उन्हाच्या हिशोबाने रूट कसा लावायचा

एका दिवसात डोंगर पण बघायचेत, नदी पण बघायचीय आणि हाताशी व्हॅन आहे, तर सगळ्यात आधी मॅपवर जो मोठा गोल रूट काढलाय ना तो निम्मा करा. खरंच निम्मा. घाटात व्हॅनचा सरासरी वेग तासाला ३०-३५ च्या वर क्वचित जातो, मॅप जो वेळ दाखवतो त्यात थांबणं धरलेलंच नसतं, आणि आपण तर थांबायलाच निघालोय. माझ्या मते दिवसाला १२० ते १५० किलोमीटर भरपूर झाले, त्याच्या पुढे गेलं की ड्रायव्हरला दिवसभर नुसता रस्ता दिसतो आणि बाकीचे झोपतात.

आता रूट लावताना बहुतेक जण स्पॉटची यादी करतात आणि जवळचा आधी, लांबचा नंतर असं जोडत जातात. तसं करू नका, कुठली जागा कुठल्या वेळी उजेडात असते ते आधी बघा. सकाळी नदीचं रुंद खोरं घ्या. रात्री थंड हवा जड होऊन डोंगरउतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचते, म्हणून पहाटे नदीवर धुकं असतं आणि वर डोंगर मोकळे असतात. ऊन चढलं की ते धुकं उचलायला लागतं आणि तो तासभर दिवसातला सगळ्यात भारी असतो, पण दाट धुक्यात गाडी चालवायची घाई नको, बाजूला नीट जागा बघून थांबा आणि वाट बघा. चालवायचीच झाली तर लो बीमवर, अपर मारलात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

खिंड किंवा घाटमाथा दुपारच्या आत गाठायचा. ऊन तापलं की हवा उताराने वर चढायला लागते, वर जाऊन थंड होते आणि ढग तयार होतात, म्हणून सकाळी लख्ख दिसणारा माथा दुपारी ढगात जातो आणि उन्हाळ्यात बऱ्याच डोंगरांत विजांचा पाऊस दुपारनंतरच येतो. वर जाताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं, त्यामुळे खाली टीशर्टमध्ये असलात तरी जॅकेट हाताशी पाहिजे, बॅगांच्या ढिगाखाली नको. इंजिन पण उंचीवर दमतं, टर्बो नसेल तर हजार मीटरला ताकद साधारण १० टक्के कमी होते, तेव्हा भरलेली व्हॅन चढत नाही म्हणून घाबरू नका, गिअर खाली टाका आणि टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा.

अरुंद खोल दरी असेल तर ती बरोबर भरदुपारी ठेवा. लोक म्हणतात दुपारचा उजेड फोटोला वाईट, पण दोन्हीकडे उभे कडे असलेल्या दरीत तळाच्या पाण्यापर्यंत ऊन पोचतं तेच मुळी दुपारच्या आसपास, बाकी वेळ तिथे सावलीच असते आणि पाण्याचा खरा रंग दिसतच नाही. मग संध्याकाळची तिरकी उन्हं परत रुंद खोऱ्याला द्या, सूर्य पाठीमागे राहील अशा दिशेने. एवढं एक जमलं तरी त्याच रस्त्यावरचा दिवस वेगळाच वाटतो.

निघायच्या आधी सामान नीट लावा, हे फार जण टाळतात. व्हॅन उंच असते, जड वस्तू वरच्या कप्प्यात गेल्या की वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटते. पाण्याची ५० लिटरची टाकी म्हणजे ५० किलो, ती खाली आणि शक्यतो पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे. गॅस सिलिंडरचा वॉल्व्ह चालत्या गाडीत बंद. आणि थंडी वाजते म्हणून बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवून बसणं अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

सगळ्यात जास्त जपायचंय ते उतारावर. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल (लो, म्हणजे खालचा गिअर) मोड. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेकवर पाय ठेवून सलग उतरायचं नाही, वेग ४० च्या वर जायला लागला की घट्ट दाबून ३० वर आणायचा, पाय काढायचा, परत वाढला की परत तेच. कारण सलग दाबून ठेवलं तर लायनर तापत जातात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. नवीन डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) ऑइल निदान २०५ डिग्रीपर्यंत न उकळता टिकायला हवं असं स्टँडर्ड आहे, पण ते हवेतली ओल शोषत राहतं आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० वर येते, म्हणून जुनं ऑइल घेऊन घाटात जाऊ नका. जळका उग्र वास आला की पहिल्या मोकळ्या जागेत थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, निवांत अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकू शकते.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आणि मागे चार गाड्या अडकल्या असतील तर बाजू मिळेल तिथे व्हॅन काढून त्यांना सोडा, तुम्हाला पण मग आरशात न बघता नदी बघता येते.

मळमळणाऱ्या माणसाला पुढची सीट. आडव्या सीटवर बसवून मोबाइल हातात दिला तर दहा वळणांत त्रास सुरू होतो, नजर लांब डोंगरावर ठेवायला सांगा, पोट रिकामं पण नको आणि तुडुंब पण नको. गोळी चालत असेल तर निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

नदीकाठी उतरायचं तर आतल्या वळणावर उतरा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात असते, काठ खालून पोखरलेला असतो आणि पाणी एकदम खोल, आतल्या अंगाला गोटे-वाळूचा पट्टा साचतो आणि पाणी हळूहळू खोल होत जातं. गेल्या गेल्या पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखू येईल असा दगड ठेवा आणि अधूनमधून बघत रहा. दगड भिजायला लागला, पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली, तर वर कुठेतरी पाऊस झालाय, तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. सामान गोळा करत बसू नका, माणसं आधी वर घ्या. वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी न सांगता पण वाढू शकतं, भोंगा ऐकला की लगेच काठ सोडा. बर्फाच्या नद्यांचं तर रोजचंच असतं, दिवसभर बर्फ वितळून पाणी दुपारी-संध्याकाळी चढतं आणि पहाटे सगळ्यात कमी असतं, त्यामुळे सकाळी आरामात ओलांडलेला ओढा संध्याकाळी परत तसाच मिळेल हे धरून चालू नका.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर व्हॅन घालायची नाही. ३० सेंटीमीटर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं, ६० सेंटीमीटर बहुतेक गाड्या ओढून नेतं, आणि खालचा रस्ता जागेवर आहे का ते वरून कळत नाही.

भांडी, साबण, आंघोळ हे सगळं पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबण असला तरी लांबच.

डिझेल-पेट्रोल निम्म्यावर आलं की भरा, मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा कारण दरीत रेंज जाते. आणि मुक्काम सूर्यास्ताच्या तासभर आधी गाठा, दरीत सूर्य कड्यामागे खूप लवकर जातो, त्यामुळे कॅलेंडरवरचा सूर्यास्त तिथे कामाचा नाही. व्हॅन पात्रात किंवा कोरड्या ओढ्यात लावू नका, काठावर झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा कुठवर आहे ते बघा, गेल्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलेलं असतं, त्याच्या बरंच वर लावा आणि तोंड रस्त्याकडे करून ठेवा, म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर रिव्हर्स घ्यायला नको.