प्लेटवर पहिली गोळी झाडण्याआधी: मे महिन्यातली तयारी

बुलेटप्रूफ जॅकेटात बसवायची कडक प्लेट गोळी झाडून तपासायची ही तयारी पोलीस किंवा राखीव दलाच्या अधिकृत फायरिंग रेंजसाठीच आहे. शेतात, नाल्यात खासगी बंदुकीने प्लेट तपासायची नाही. कारण स्टीलच्या प्लेटवर गोळी फुटली की शिशाचे कण पृष्ठभागालगत चहूबाजूंना उडतात आणि बाजूला उभा असलेला माणूस जायबंदी होतो.

आधी मानक ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. भारताचे आयएस १७०५१ (२०१८) हे मानक वेगळे, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसचे म्हणजे एनआयजेचे वेगळे. एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळले की अहवाल रद्दीत जातो. पुढचे आकडे एनआयजे ०१०१.०६ या २००८ च्या आवृत्तीचे आहेत; तिच्या जागी २०२३ मध्ये ०१०१.०७ आली.

सगळ्यात जास्त वेळ मातीला द्या. प्लेटमागे रोमा प्लास्टिलिना क्रमांक १ या तेलकट मातीचा ठोकळा लागतो: ६१० बाय ६१० मिमी, खोली १४० मिमी. गोळी अडली तरी प्लेट मागे दबते आणि त्या दाबाचा खड्डा मातीत उमटतो. तो ४४ मिमीपेक्षा खोल असेल तर गोळी आरपार न जाऊनही प्लेट नापास. म्हणून माती नीट नसेल तर निकालावर भरवसाच ठेवता येत नाही. चंद्रपूर, गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, माती लोण्यासारखी होते आणि चांगली प्लेटही नापास दिसते. उलट रात्रभर एसीत थंडगार ठेवलेली माती कडक राहते, खड्डा उथळ येतो आणि कच्ची प्लेट पास होऊन जवानाच्या अंगावर जाते. हा दुसरा धोका जास्त वाईट.

म्हणून ठोकळा तपासल्याशिवाय गोळी नाही. ६३.५ मिमी व्यासाचा, १०४३ ग्रॅमचा पोलादी गोळा २ मीटरवरून पाच वेळा वेगवेगळ्या जागी सोडा. खड्ड्यांची सरासरी १९ मिमी, फारतर २ मिमी इकडेतिकडे. एकही खड्डा १६ पेक्षा कमी किंवा २२ पेक्षा जास्त नको. माती थरांनी भरताना ठोकून हवा काढा. आत पोकळी राहिली तर गोळा एका जागी एकदम खोल जातो, त्यावरून ती ओळखू येते. प्लेट वक्र असेल तर माती तिच्या पाठीला टेकेल इतकी चढवा, फट ठेवू नका. फायरिंग संपल्यावर गोळा पुन्हा टाकून बघा.

चाचणीच्या खोलीचे तापमान २१ अंशांच्या आसपास लागते. त्यासाठी एसीच हवा, कूलर चालत नाही, कारण तो दमटपणा वाढवतो. काडतुसेही त्याच खोलीत ठेवा. उन्हात तापलेल्या जीपमध्ये राहिलेल्या काडतुसाचा दाब वाढतो, वेगही वाढतो.

आता वेग. ७.६२ मिमी एम८० ही रायफलची गोळी ९.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८४७ मीटर, फरक ९.१ पर्यंत. .४४ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची गोळी १५.६ ग्रॅमची, ४३६ मीटर. रायफल १५ मीटरवरून, पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ५ मीटरवरून. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, दोन लावा. आकडे जुळले नाहीत तर सेन्सरवर धूळ बसली आहे का, ते आधी पाहा. वेग जास्त भरला आणि प्लेट टिकली तर ती गोळी मोजणीत धरा. वेग कमी भरला आणि गोळी आरपार गेली तर प्लेट नापास धरा. कमी वेगात प्लेट टिकली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

सिरॅमिक प्लेट आधी एक्स-रे करून घ्या, बारीक तडा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. स्वतंत्र वापरायची की मऊ जॅकेटसोबत, हे तिच्या लेबलवर वाचा आणि तशीच बांधा. गोळी काठापासून ५१ मिमी आत लागायला हवी, म्हणून नेमाच्या जागा आदल्या संध्याकाळी खडूने आखा.

गावाचे विसरू नका. पोलीस पाटलांना दोन दिवस आधी कळवा, कोतवालाकडून दवंडी द्या. मे महिन्यात लोक तेंदूपत्ता तोडायला भल्या पहाटे जंगलात शिरतात, म्हणून मातीच्या बांधामागचा भाग त्या सकाळी माणूस पाठवून बघून घ्या. लाल झेंडा वर गेल्याशिवाय बंदुकीचा बोल्ट बंदच करायचा नाही. बंदूक स्टँडवर घट्ट बसवा, चाप दोरीने ओढा आणि माणसे आडोशामागे, कानाला मफ, डोळ्यांना चष्मा.

एक पेटी आणि कुलूप आधीच आणून ठेवा. गोळी खाल्लेली सिरॅमिक प्लेट बाहेरून बरीचशी धडधाकट दिसू शकते, पण गोळी लागली तिथले आतले सिरॅमिक भुगा झालेले असते. तिच्यावर रंगाने मोठ्या अक्षरात ‘चाचणी झालेली’ असे लिहून त्याच संध्याकाळी पेटीत टाका, म्हणजे ती चुकूनही स्टोअरमधल्या जॅकेटात परत जाणार नाही.