आखूड बेडच्या पिकअपसाठी फिफ्थ-व्हील हिच कशी निवडावी

फिफ्थ-व्हील ट्रेलर म्हणजे पिकअपच्या मागच्या, माल ठेवायच्या भागात (बेडमध्ये) बसवलेल्या हिचला जोडून ओढायचा ट्रेलर. तो रिव्हर्स घेताना स्टीअरिंग थोडे जास्त फिरले, की ट्रेलरचा पुढचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेवर येतो. आठ फुटी बेडच्या ट्रकला ही काळजी सहसा नसते. साडेसहा फुटी बेडला ती असते आणि साडेपाच फुटीला तर पहिल्याच वळणावर. म्हणून आखूड बेडसाठी हिच घेताना किती हजार पाउंड ओढायचे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ट्रेलर नव्वद अंशांत वळला तर त्याचा कोपरा कुठे पोहोचतो? याचे उत्तर कॅटलॉगात नसते, ते मोजपट्टीने काढावे लागते.

आधी तीन मापे

पहिले माप कॅबच्या मागच्या भिंतीपासून मागच्या अॅक्सलच्या मध्यापर्यंत. चाकाच्या मध्यावर गुण्या उभा धरा, बेडच्या कडेवर खूण करा आणि तिथून कॅबपर्यंत मोजा. साडेसहा फुटी बेडच्या ट्रकमध्ये हे अंतर बहुधा ४० इंचांच्या आसपास येते, पण आपल्या ट्रकचे माप स्वतः घ्या. बेडमध्ये कॅबला लागून कडेपेक्षा उंच टूलबॉक्स बसवलेला असेल, तर कॅबऐवजी त्या पेटीपासून मोजा.

दुसरे माप ट्रेलरच्या पुढच्या भागाची रुंदी. अमेरिकेत बहुतेक फिफ्थ-व्हील ट्रेलर ९६ ते १०२ इंच रुंद असतात, म्हणजे निम्मी रुंदी ४८ ते ५१ इंच.

तिसरे माप लोक हमखास विसरतात: किंगपिनच्या (ट्रेलरखालचा, हिचमध्ये अडकणारा उभा खुंट) मध्यापासून ट्रेलरच्या पुढच्या भिंतीचा कोपरा किती पुढे किंवा मागे आहे. नाकाच्या टोकापासून मोजू नका. कोपरे जिथे सर्वांत रुंद होतात तिथपर्यंत मोजा.

आता हिशेब. हिचचा मध्य अॅक्सलच्या बरोबर वर किंवा त्याच्या पुढे २ इंचांपर्यंत ठेवतात, कारण पिनचे वजन अॅक्सलच्या मागे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंगची पकड कमी होते. समजा, कॅब ते किंगपिन ४० इंच आहे आणि ट्रेलर १०२ इंच रुंद. नव्वद अंशांत वळल्यावर कोपरा पिनपासून ५१ इंच पुढे येणार. जागा ४० इंच. ११ इंच कमी पडले.

ही टक्कर नव्वद अंशांपर्यंत थांबत नाही. भिंत पिनच्या रेषेत असेल तर कोपरा साधारण ५२ अंशांवरच कॅबला टेकतो. भिंत पिनच्या १२ इंच पुढे असेल, जशी जुन्या चौकोनी नाकाच्या ट्रेलरमध्ये असते, तर ३७ अंशांतच. उलट पिन बॉक्स (ट्रेलरच्या नाकाखालचा, किंगपिन धरणारा भाग) लांब असून भिंत पिनच्या १२ इंच मागे असेल, तर ६३ अंशांपर्यंत वळता येते. म्हणून ‘लांब पिन बॉक्स लावला की स्लायडर (मागे सरकणारी हिच) लागत नाही’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. लांब पिन बॉक्समुळे मधल्या कोनांत मोकळीक मिळते. पूर्ण नव्वद अंशांत मात्र कोपऱ्याचे पुढे येणे निम्म्या रुंदीवरच ठरते आणि पिन बॉक्सच्या लांबीने त्यात काहीच फरक पडत नाही. तिथे उपयोग होतो तो कोपरे गोल किंवा आत कापलेले असण्याचा. हल्लीच्या बऱ्याच ट्रेलरची नाके याच कारणासाठी तशी घडवलेली असतात. विक्रेता ‘आखूड बेडला चालतो’ म्हणाला, तर ते नव्वद अंशांत चालते की त्याहून कमी कोनात, हे नेमके विचारा.

हिशेबात किमान ४ इंच मोकळे ठेवा. सपाट जागेवर २ इंच दिसणारी फट, ट्रक खड्ड्यात आणि ट्रेलर उंचवट्यावर आला की नाहीशी होते.

मागे कोण सरकणार?

कमी पडणारे अंतर भरून काढायचे चार मार्ग आहेत.

साधी स्थिर हिच सर्वांत हलकी, स्वस्त आणि बिघडायला जागा नसलेली. कोपरे खोल कापलेले असतील, ट्रेलर ९६ इंची असेल आणि मापांत ४ इंच उरत असतील, तर आखूड बेडलाही हीच घ्या. गरज नसताना स्लायडर घेणे म्हणजे ट्रकच्या माल वाहण्याच्या क्षमतेतून नाहक पाउंड वजा करणे.

हाताने सरकवायच्या स्लायडरला दोन जागा असतात: रस्त्यावर ओढण्याची पुढची आणि वळवण्याची मागची. दोन्हींत साधारण १० ते १४ इंचांचे अंतर असते. वरच्या उदाहरणात १४ इंच मागे सरकल्यावर ४० चे ५४ इंच होतात, म्हणजे ५१ पेक्षा फक्त ३ इंच जास्त. सरळ कोपऱ्याच्या ट्रेलरला हे अपुरे आहे, गोल कोपऱ्याच्या ट्रेलरला पुरते. स्लायडर आहे म्हणून निश्चिंत होणाऱ्यांच्या काचा इथेच फुटतात.

सरकवण्याची पद्धत अशी: ट्रक आणि ट्रेलर शक्य तितके सरळ रेषेत उभे करा. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. स्लायडरची खीळ ओढून मोकळी करा. ट्रेलरचे ब्रेक कॅबमधल्या ब्रेक कंट्रोलरवरून हाताने दाबून धरा आणि ट्रक अगदी हळू पुढे घ्या. हिच ट्रेलरबरोबर जागेवर राहते, ट्रक पुढे सरकतो आणि खीळ मागच्या खाचेत पडते. ती पडल्याचे खाली उतरून डोळ्यांनी पाहा. पार्किंग झाल्यावर किंवा पुन्हा निघण्याआधी हेच उलट करा: ब्रेक धरा, ट्रक मागे घ्या, पुढच्या खाचेत खीळ बसवा. मागच्या जागेत ठेवून रस्त्यावर वेगात जायचे नाही. पिनचे वजन तेव्हा अॅक्सलच्या बरेच मागे पडत असते.

खीळ निघत नसेल, तर ती ताणाखाली आहे. हातोडा मारू नका, ट्रक दोन इंच पुढे-मागे करून ताण सोडवा. खीळ अर्धवट बसली असेल, तर पहिल्या जोराच्या ब्रेकला पूर्ण ट्रेलर तेवढे अंतर धावत येऊन आपटतो. तो दणका हिच, पिन बॉक्स आणि फ्रेम तिन्हींना बसतो.

स्वयंचलित स्लायडर वळणाबरोबर आपोआप मागे जातो आणि सरळ झाल्यावर पुढे येतो. पुलराइटची सुपरग्लाइड आणि डेम्कोची ऑटोस्लाइड ही यातली ओळखीची नावे. सुपरग्लाइडमध्ये पिन बॉक्सला एक कॅप्चर प्लेट पक्की बसवतात. ती हिचच्या डोक्याला, म्हणजे जबड्याने पिन पकडणाऱ्या वरच्या भागाला, धरून ठेवते, म्हणून ट्रेलर वळला की डोकेही वळते आणि त्या फिरण्यानेच यंत्रणा मागे सरकते. प्लेट आपल्या पिन बॉक्सच्या मॉडेलला बसते का, हे खरेदीआधी निर्मात्याच्या यादीत पाहा. पिन बॉक्स बदलला तर प्लेटही बदलावी लागू शकते. ही हिच जड असते, महाग असते, हलत्या भागांना नियमित ग्रीस लागते. तरी जे वारंवार अरुंद कॅम्पग्राउंडमध्ये जातात किंवा ज्यांचा बेड साडेपाच फुटी आहे, त्यांना आम्ही हीच सुचवू. हाताचा स्लायडर तेव्हाच वाचवतो, जेव्हा तो सरकवायचे आठवते. पेट्रोल पंपावर अचानक काटकोनात वळावे लागले, तर खाली उतरून खीळ ओढायला सवड नसते.

चौथा मार्ग ट्रेलरच्या बाजूने. रीसचा साइडवाइंडर हा पिन बॉक्स वळण्याचा बिंदू किंगपिनपासून २२ इंच मागे नेतो. किंगपिनमागे पाचर बसवून डोके आणि पिन एकमेकांत जखडतात, म्हणजे वळणे हिचमध्ये न होता पिन बॉक्सच्या मागच्या भागात होते. ट्रकमध्ये साधी, हलकी स्थिर हिच चालते, हा मोठा फायदा. पाचर मात्र हिचच्या नेमक्या मॉडेलसाठीच घ्यावी. सैल असेल तर पिन हलतो आणि जबड्यात झीज होते. आणि रिव्हर्स घेताना ट्रेलरचा प्रतिसाद बदलतो, त्याची सवय मोकळ्या मैदानात करून घ्या.

यांखेरीज अँडरसनची अल्टिमेट ही अॅल्युमिनियमची बॉल पद्धतीची हिच आहे. वजन ३५ पाउंडांच्या आसपास, एकटा माणूस उचलून बाहेर काढू शकतो. मात्र ती आखूड बेडचा प्रश्न आपोआप सोडवत नाही, मापे पुन्हा तपासावीच लागतात. किंगपिनला गूझनेकचा (बेडमधल्या बॉलवर बसणाऱ्या जोडणीचा) लांब अडॅप्टर लावण्याचा विचार असेल, तर आधी ट्रेलरच्या फ्रेमच्या निर्मात्याकडून लेखी परवानगी घ्या. लांब अडॅप्टरमुळे ब्रेक लावताना फ्रेमवर येणारा ताण वाढतो आणि अनेकदा वॉरंटी जाते.

वजन: हिचच्या आकड्याने फसू नका

हिचवर २०,००० पाउंड लिहिले म्हणून ट्रक तेवढे ओढत नाही. हिच, ट्रक, बेडमधले रेल (हिच ज्यांवर बसते त्या पट्ट्या) आणि टायर यांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच तुमची मर्यादा. ट्रकच्या ओढण्याच्या आकड्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे जे२८०७ हे मानक आहे आणि फिफ्थ-व्हील हिचच्या चाचणीसाठी एसएई जे२६३८. हिचच्या माहितीपत्रकात जे२६३८ चा उल्लेख आहे का, ते पाहा.

ओढण्याची क्षमता संपण्याच्या खूप आधी पेलोड, म्हणजे ट्रकने अंगावर वाहायच्या वजनाची मर्यादा, संपतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसे आणि सामान मिळून किती पाउंड चालतील, ते लिहिलेले असते. उदाहरण घ्या: ट्रेलरचे कमाल वजन १२,००० पाउंड. फिफ्थ-व्हीलमध्ये पिनवर साधारण १५ ते २५ टक्के येतात. २० टक्के धरले तर २,४०० पाउंड. स्लायडर हिच २२० पाउंड, दोन माणसे ३५० पाउंड, अवजारे आणि किरकोळ सामान १०० पाउंड. बेरीज ३,०७०. ‘अर्धा टन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या वर्गातल्या ट्रकचा पेलोड सहसा याच्या जवळपासही नसतो आणि त्यावरच्या ‘पाऊण टन’ वर्गातल्या डिझेल ट्रकलाही ही बेरीज बऱ्याचदा जड जाते.

ब्रोशरमधले पिनचे वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. बॅटऱ्या, गॅसचे सिलिंडर आणि पुढचा सामानाचा कप्पा हे सगळे पिनच्या जवळ असते, त्यामुळे सामान भरल्यावर पिनवरचा भार भराभर वाढतो. भरलेला ट्रेलर जोडून ट्रक वजनकाट्यावर नेणे आणि मागच्या अॅक्सलचा आकडा पाहणे हीच खरी तपासणी.

डोके आणि जबडा

डोके फक्त पुढे-मागे झुकणारे किंवा चारही दिशांना झुकणारे असते. खडबडीत जागी ट्रेलर जोडायचा असेल, तर चारही दिशांचे घ्या. जबड्याचे मुख्य प्रकार दोन: एका बाजूने येणारी आडवी पट्टी आणि पिनला दोन्हीकडून कवटाळणारे दुहेरी जबडे. पिनभोवती जितका जास्त लोखंडाचा स्पर्श, तितका खडखडाट कमी. दुहेरी जबड्याला पैसे जास्त मोजणे योग्य आहे.

प्लेटवर ग्रीसऐवजी प्लास्टिकची वंगण-चकती वापरत असाल, तर ती निर्मात्याने चालते म्हटलेल्या जाडीचीच हवी. जाड चकतीने पिन वर उचलला जातो आणि जबडा पूर्ण मिटत नाही.

बसवणी आणि उंची

ट्रकमध्ये कारखान्यातूनच फिफ्थ-व्हीलची तयारी असेल, म्हणजे बेडमध्ये झाकणे लावलेल्या खाचा असतील, तर त्याच कंपनीच्या आणि त्याच वर्षाच्या खाचांसाठीची हिच घ्या. फोर्ड, रॅम आणि जीएमच्या खाचा एकसारख्या आहेत असे धरू नका. गूझनेकचे भोक असेल तर बी अँड डब्ल्यूच्या कंपॅनियनसारखी हिच त्याच भोकातून बसते आणि काढल्यावर बेड पूर्ण सपाट राहतो. दोन्ही नसेल तर रेल बसवावे लागतात. त्यासाठी बेडला भोके पाडण्याआधी खालून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जाते ते पाहा. ड्रिलला थांबा लावा. बेडच्या पन्हाळींमध्ये किटमधले स्पेसर घालायला विसरू नका, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा चेपतो आणि काही दिवसांत तेच बोल्ट सैल होतात. बेड अॅल्युमिनियमचा असेल, जसा फोर्ड एफ-१५० ला २०१५ पासून आहे, तर त्यासाठी बनवलेलेच किट वापरा. पहिल्या प्रवासानंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

उंची ठरवताना बेडच्या कडेपासून ट्रेलरच्या खालच्या बाजूपर्यंत साडेपाच ते सहा इंच मोकळे हवेत आणि ट्रेलर जमिनीला समांतर दिसायला हवा. हल्लीच्या ट्रकांच्या कडा उंच असतात, त्यामुळे दोन्ही एकदम जमत नाही असे बऱ्याचदा होते. तेव्हा आधी कडेची फट सांभाळा. मग ट्रेलरचे नाक वर राहिले, तर त्याची सस्पेन्शन उंची वाढवता येते का, ते पाहा.

पहिली चाचणी

रिकामे, सपाट मैदान आणि बाहेर उभा राहून पाहणारा एक माणूस. ट्रेलर जोडल्यावर जबडा पिनभोवती मिटला आहे का, हे टॉर्चने पाहा. पिन जबड्याच्या वर टेकून राहिला तरी हँडल कधीकधी बंद झाल्यासारखे दिसते. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) ट्रकला अडकवा, ट्रेलरचे पाय थोडे टेकलेले असतानाच त्याचे ब्रेक धरून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहा. मग पाय पूर्ण उचला आणि स्टीअरिंग हळूहळू फिरवत जा. पाहणाऱ्याने कोपरा आणि कॅब यांत चार इंच उरल्याबरोबर थांबा म्हणायचे. दुसऱ्या बाजूलाही हेच करा. स्लायडर असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही जागांत करा. थांबलेल्या कोनात आरशात ट्रेलरची कड कुठे दिसते, ते लक्षात ठेवा, आणि त्या जागी आरशावर टेपची छोटी पट्टी चिकटवा.