भाड्याने सिनेमा घेताय? आधी या चुका टाळा

ऑनलाइन सिनेमा भाड्याने घेण्यात शिकण्यासारखं काय आहे, असं ज्यांना वाटतं तेच मला रात्री साडेनऊला फोन करतात. ‘पिच्चर लागणा नाय, तू येवन बघ मरे.’ मालवण तालुक्यात टीव्ही, केबल, वायफायची कामं करतो, त्यामुळे हे फोन ठरलेलेच. जाऊन बघावं तर टीव्ही धड, ॲप धड. नडलेली असते ती घाई. दशावताराला रात्रभर मांडी घालून बसणारी माणसं टीव्हीवर दहा सेकंद चक्र फिरलं की रिमोटवरची सगळी बटणं दाबून मोकळी होतात, आणि मग नेमकं काय दाबलं ते कुणालाच आठवत नाही.

‘चालतोय का बघूया’ म्हणून प्ले दाबणे

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि ती हमखास घरातला हुशार माणूस करतो.

यूट्यूब घ्या, ॲपल टीव्ही घ्या, प्राईम व्हिडिओ घ्या, भाड्याचा नियम साधारण एकच आहे. पैसे भरल्यापासून 30 दिवसांत कधीही सुरू करा, पण एकदा सुरू केलात की 48 तासांत संपवा. नेमकी मुदत पैसे भरायच्या पानावर लिहिलेली असते, ती कोणी वाचत नाही. हे 48 तास प्ले दाबल्यापासून धरतात. तुम्ही दोन मिनिटं बघितलंत की दोन तास, टीव्ही चालू होता की बंद, याच्याशी त्या घड्याळाला कर्तव्य नाही. ते तुमच्या घरात नसतंच, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. लाईट गेली म्हणून ते थांबत नाही.

पलीकडच्या वाडीतल्या एका घरची चतुर्थीची गोष्ट सांगतो. मोठं घर, पाच दिवसांचा गणपती, सगळे चाकरमानी मुंबईहून आलेले. विसर्जनाच्या रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असा बेत. एका पुतण्याने चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळीच सिनेमा भाड्याने घेऊन ठेवला आणि लगेच लावून बघितला. नावं सुरू झाली, आवाज आला, चित्र स्वच्छ दिसलं. गड्याने समाधानाने बंद केला. पुढचे पाच दिवस आरत्या, भजनं, घरोघरी फिरणं. विसर्जन करून मंडळी भिजून परत आली, जेवणं आटोपली, माजघरात चटया अंथरल्या, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या. टीव्ही लावला तर सिनेमाच्या जागी पुन्हा भाड्याचं बटण. ‘पैसे खाल्ल्यानी!’ म्हणून सगळ्या घरात आरडाओरडा.

मला बोलावलं. खात्यात शिरून बघितलेल्या सिनेमांची यादी उघडली, तर चतुर्थीच्या आदल्या दिवसाची नोंद समोरच. मुदत कधीच संपलेली. पुतण्याचं एकच पालुपद, ‘पण मी बघितलाच नाही!’ शेवटी थोरल्या काकांनी परत पैसे भरले. अर्धा तास सिनेमा चालला, पाऊस कोसळला आणि लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर निम्मी मंडळी कुडाळ स्टेशनावर गाडीची वाट बघत बसली होती. उरलेल्यांनी त्या रात्री पुढचा भाग बघितला म्हणे, पण काकांचा जीव काही त्यात लागला नाही.

माझी सवय अशी: त्याच टीव्हीवर, त्याच ॲपमध्ये त्या सिनेमाचा ट्रेलर लावायचा. ट्रेलर फुकट असतो आणि त्याने घड्याळ सुरू होत नाही. ट्रेलर चालला की एखादा फुकटचा एचडी व्हिडिओ दहा मिनिटं चालू ठेवायचा. तो अडखळला नाही तरच पैसे भरायचे, तेही माणसं बसल्यावर. आठवडाभर आधी घेऊन ठेवण्यात काही शहाणपण नाही, सिनेमा काही संपून जात नाही.

फोनवर डाउनलोड करून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. नुसतं डाउनलोड केल्याने 48 तास साधारणपणे सुरू होत नाहीत, उघडलं की होतात. आता प्रवासाला निघताना ‘नेट नसताना चालतोय ना’ म्हणून फोन विमान मोडवर टाकून उघडून बघणारे भेटतात. झालं ना परत तेच!

वेग राउटरशेजारी मोजायचा, सिनेमा माजघरात बघायचा

दुसरी माझी आवडती चूक. चित्र धूसर दिसलं की माणूस पहिला फोन करतो तो मोठा प्लॅन घ्यायला. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार फुल एचडीला 5 एमबीपीएस एवढा नेटचा वेग पुरतो आणि फोरकेला 15. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक फायबर प्लॅनमध्ये हे सहज बसतं. अडतं ते राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या चार-सहा मीटरमध्ये.

आपली घरं चिऱ्याची. जुन्या घरात हातभर जाडीची भिंत, ती पावसाळ्यात ओलीगच्च. राउटर पडवीत, कारण केबलवाल्याला तिथून वायर आत घ्यायला सोपी. टीव्ही माजघरात. मधे दोन भिंती आणि लोखंडी कपाट. राउटरवर दोन नावं दिसतात, त्यातलं 5 गीगाहर्ट्झचं वेगवान म्हणून सगळे तेच निवडतात. पण भिंतीतून जायला तेच कच्चं. भिंत मधे असेल तर 2.4 बरं. खरा इलाज म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची, म्हणजे नेटची, वायर ओढणे. भिंतीला खिळे मारावे लागतात म्हणून कोणी ऐकत नाही, पण मी माझ्या घरी तेच केलंय. टीव्हीचं लॅनचं पोर्ट बहुधा 100 एमबीपीएसचंच असतं, तेवढ्यात फोरके आरामात चालतो.

मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले एक काका आहेत. त्यांनी ओळीने दोनदा प्लॅन वाढवला तरी सिनेमा अडकायचाच. मी गेलो तर टीव्हीमागची फायबरची वायर त्यांनी छान घट्ट गुंडाळून, प्लास्टिकच्या पट्टीने आवळून खिळ्याला टांगली होती. फायबरमधून प्रकाश जातो. वायर टोकदार वळणात दुमडली की तो वळणावरच बाहेर गळतो. विजेच्या वायरसारखी ती आवळायची नसते, थाळीएवढ्या सैल वेटोळ्यात सोडायची. पट्टी कापली, वेटोळं सैल केलं, सिनेमा चालायला लागला. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. वाढवलेला प्लॅन मात्र त्यांनी अजून कमी केलेला नाही, ‘असांदे, कामाक येतलो’ म्हणतात.

लाल दिवा लागला असताना राउटर बंद-चालू करत बसणे

भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचतच नाहीये. झावळ पडून वायर तुटली असेल, वानरांनी उड्या मारून ओढली असेल, नाहीतर केबलवाल्याकडची लाईट गेली असेल. तुम्ही कितीही वेळा स्विच मारलात तरी बाहेर तुटलेली वायर जोडली जाणार नाही. केबलवाल्याला फोन करा आणि दुसरं काही बघा. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर उत्तर कोकणात किती दिवस लाईट नव्हती ते आठवा, आणि दहा मिनिटांत वैतागणं सोडा.

राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जरूर लावा, पण डब्यालाही तो मिळायला हवा. कित्येक घरांत राउटर इन्व्हर्टरवर आणि डबा साध्या प्लगवर असतो. विजा कडाडायला लागल्या की टीव्हीचा प्लग काढा, लॅनची वायरही काढा. सिनेमा मधेच राहिला तर राहू दे, टीव्ही त्याहून महाग आहे.

लॅपटॉप जोडला, आवाज येतो, चित्र काळं

हा फोन आला की मी आधी विचारतो, मधे काय लावलंय? एचडीएमआय, म्हणजे चित्र-आवाज टीव्हीला नेणारी वायर, दोन टीव्हींना वाटून देणारा स्वस्त डबा, नाहीतर जुना कन्व्हर्टर निघतो. भाड्याचा सिनेमा एचडीसीपी नावाच्या कुलपात येतो. वाटेतल्या प्रत्येक वस्तूला त्याची किल्ली लागते. एकाकडे नसली की चित्र अडवलं जातं. फोनची स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर दाखवण्याचंही तेच होतं, काळी पाटी. टीव्हीतल्या ॲपमध्येच लावा, नाहीतर ॲपमधल्या कास्टच्या खुणेने पाठवा, त्यात सिनेमा टीव्ही स्वतः ओढून घेतो.

स्वस्त फोनवर एचडीचे पैसे भरूनही चित्र धूसर दिसतं, त्यालाही असंच कुलूप कारण आहे. फोनमध्ये वाईडवाईन नावाच्या या कुलपाची वरची एल1 पातळी नसून खालची एल3 असेल तर बहुतेक सेवा साध्या दर्जाचंच चित्र देतात. हे फोन घेताना बघायचं, सिनेमा घेताना नाही.

लाईट येऊन-जाऊन टीव्हीची तारीख मागे गेली असेल तर ॲप उघडतच नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. एवढंच.

बत्तीस इंची एचडी रेडी टीव्हीला फोरकेचं भाडं भरू नका, त्या पडद्यावर तेवढे ठिपकेच नाहीत. भाषाही आधी बघा. हिंदी किंवा मराठी डबिंग आहे असं गृहीत धरून घेतलेले सिनेमे काकी-मावश्यांनी तोंड पाडून बघितलेले मला माहीत आहेत.

‘वर्षाचे पैसे भरले तरी परत पैसे का मागतात?’ प्राईमने 2022 मध्ये आपल्याकडे भाड्याचे सिनेमे सुरू केले, तेव्हापासून हा प्रश्न ऐकतोय. वर्गणीतला सिनेमा वेगळा, भाड्याचा वेगळा, विकतचा त्याहून वेगळा. बटणावर काय लिहिलंय ते वाचा, घाईत भाड्याऐवजी खरेदी दाबली जाते. आणि पैसे भरायला पिन लावून ठेवा, नातवंडांच्या हातात रिमोट असतोच. ओटीपी मुलाच्या मुंबईतल्या फोनवर जात असेल तर त्याला आधी सांगा, तो लोकलच्या गर्दीत असताना नको.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन-अडीच तासांचा सिनेमा लावणाऱ्यांना एक हिशोब: एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजचे 2 जीबी मध्यंतराच्या आधीच संपतात. चतुर्थीत तर अख्खी मुंबई त्याच टॉवरवर असते.

आता फुकटवाले. टेलिग्रामवरची लिंक, कोणीतरी पाठवलेलं एपीके (ॲप स्टोअरच्या बाहेरून टाकायची ॲपची फाइल), ‘सगळे सिनेमे मोफत’. असलं ॲप टाकलेल्या टीव्हीला मी हात लावायच्या आधी सगळं पुसून टाकतो, मग भांडा माझ्याशी. त्याहून वाईट म्हणजे पैसे अडकले की इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं. वर दिसणाऱ्या नंबरांत लबाडांचे नंबर असतात. गोड आवाजात परतावा देतो म्हणतात आणि तुमची स्क्रीन त्यांना दाखवणारं ॲप टाकायला सांगतात. परतावा मागायचा तो ॲपमधूनच, खरेदीच्या यादीत जाऊन. बघायला सुरुवात केली नसेल तर तो मिळण्याची चांगली शक्यता असते, मुदत प्रत्येकाची वेगळी. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

राहता राहिली खारी हवा. किनाऱ्याजवळच्या घरांत एचडीएमआयच्या पिनवर हिरवट थर चढतो आणि चित्र लुकलुकतं. नवी वायर आणायला बाजारात धावण्याआधी टीव्ही बंद करा, पिन काढा, कोरड्या मऊ फडक्याने पुसा, परत घट्ट बसवा. तोंडाने फुंकर मारू नका, त्यातही ओलच असते.