डिझेल हीटर पेटत नाही? आधी व्होल्टेज मोजा

मुंबईत कॅम्पर व्हॅनचा हीटर वर्षभर नुसता पडून असतो आणि मनालीच्या थंडीत ऐन वेळी दगा देतो. लक्षण असं: पंखा फिरतो, मिनिटभरात सगळं बंद, स्क्रीनवर कमी व्होल्टेजचा एरर.

बॅटरीवर मल्टिमीटर 12.6 दाखवत होता. तेवढ्यावर विसंबू नका. मोजायचं ते हीटरच्या प्लगवर, तेही ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) तापत असताना. तेव्हा तो साधारण 8 ते 10 अँपिअर ओढतो. तिथे मिळाले जेमतेम 10.3. दोन व्होल्ट वाटेतच गळत होते. अर्थिंगचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) उघडला तर तांब्यावर हिरवा थर, तारा बोटांत चुरा होत होत्या. खाऱ्या, दमट हवेची करणी.

काळी पडलेली वायर स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापली, नवा लग क्रिंप केला (दाबून घट्ट बसवला), बॉडीचा रंग घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. फ्यूज होल्डरही नवा. जुनी वायर 2.5 चौरस मिमीची, चार मीटरला ती बारीकच; 6 ची टाकली. आता पेटताना 12.1 मिळतात.

पांढरा धूर येऊनही पेटत नसेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. बहुधा ग्लो प्लगची जाळी काजळीने बुजलेली असते, नवीच घाला.

महिन्यातून एकदा 20 मिनिटं फुल्लवर चालवा, पण मोकळ्या जागी. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.